मारुतीपुढचा तिसरा विस्तव

ऑस्ट्रेलियाहून परत आल्यापासून ओळखीचे सगळे माझ्या मागे लागले आहेत, की लिहा, तिकडचं काहीतरी लिहा. काय लिहू? मुलीकडे राहिले, समुद्र पाहिला, कांगारू पाहिले. तिकडे सगळं वेळेवर होतं आणि कुणी कुणाच्या मध्ये पडत नाही. अशा देशाचं वर्णन चार ओळींत संपतं. मला लिहायचं आहे ते त्यानंतर केलेल्या दुसऱ्या प्रवासाबद्दल. तो पुण्याहून परभणी जिल्ह्यात, ताडकळसच्या पुढे, माझ्या माहेरी झाला. माहेरी जाण्याला कुणी प्रवास म्हणत नाही हे मला माहीत आहे. पण ज्यांना माझ्यासारखे दोन भाऊ नाहीत त्यांनी हा प्रवास केलेला नाही, आणि त्यांच्यासाठीच मी हे लिहिते आहे.

ऑस्ट्रेलियातली एकच गोष्ट आधी सांगणं भाग आहे. मुलीच्या शेजारच्या बाईंनी एका रविवारी आम्हाला माळरानावर नेलं. कोळशाच्या शेगडीवर लोखंडी जाळी ठेवून त्यांनी पीठ, मीठ, बेकिंग पावडर आणि पाणी एवढ्यावर एक जाडजूड पाव भाजला. तिकडे त्याला डॅम्पर म्हणतात. रानात गुरं राखणारे लोक पूर्वी तो राखेत भाजायचे, हे त्या मोठ्या कौतुकाने सांगत होत्या. मी तुकडा तोंडात टाकला आणि म्हटलं, अहो, हे तर आमचे रोडगे! मुलीने त्यांना इंग्रजीत काय सांगितलं कोण जाणे, पण बाई इतक्या खूश झाल्या की निघताना त्यांनी घडी होणारी एक जाळीची शेगडी माझ्या गळ्यात बांधली. विमानतळावर तिच्यापायी मला सगळी बॅग उपसून दाखवावी लागली.

आता रोडग्यांचं. आमच्या घरी हंगाम उरकला की एका शनिवारी शेतातल्या मारुतीला रोडगे असतात. कणीक घट्ट मळायची, मुठीत मावतील एवढे गोळे करायचे, गोवऱ्या पेटवून त्यांचा विस्तव पडला की गोळे त्यात पुरायचे. भाजले की राख झटकून फोडायचे आणि तूप, गूळ, वरण, वांग्याची भाजी यांच्याबरोबर खायचे. माझी आई त्या दिवशी सकाळपासून पाणीसुद्धा जपून पिते आणि मारुतीला नैवेद्य दाखवल्यावर रोडग्यानेच उपास सोडते. निदान सोडायची.

दोन वर्षांपूर्वी काढणीच्या दिवसांत अवकाळी पाऊस आला. खळ्यावर माझ्या दोन भावांच्या सोयाबीनच्या दोन गंजी होत्या आणि सामाईक ताडपत्री एक. थोरला दत्ता आधी पोचला आणि त्याने स्वतःची गंजी झाकली. धाकट्या गजाननची भिजून काळी पडली. दत्ता म्हणतो, मोठी गंजी झाकली. गजानन म्हणतो, स्वतःची झाकली. दोघंही खरं बोलतात, कारण दत्ताची गंजीच मोठी होती. तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद आहे. रोडग्यांच्या दिवशी एका विस्तवाचे दोन झाले, आणि आईने जाहीर केलं की दोन विस्तव असतील तर ती कुठल्याच विस्तवावरचं खाणार नाही. पहिल्या वर्षी ती उपाशी घरी आली. दुसऱ्या वर्षी चक्कर येऊन मारुतीपुढेच पडली. तिला साखरेच्या गोळ्या चालू आहेत, त्यावर उपाशी राहायचं नाही, असं डॉक्टरांनी हात जोडून सांगितलं आहे.

या वर्षी गजाननचा फोन आला, “अक्का, माय ऐकना. तू ये.” त्याच संध्याकाळी दत्ताचा आला, “अक्का, माय ऐकना. तू ये.” एका भिंतीच्या दोन बाजूंना बसून दोघांनी मला पुण्याला फोन लावले होते.

पिंगळीच्या पुढे

पुण्यात तुम्ही हत्ती घेऊन बसमध्ये चढलात तरी शेजारचा खिडकीबाहेर बघत बसेल. परभणीच्या बसस्टँडवर माझ्या हातात जाळी दिसली आणि चौकशी सुरू झाली. एकाला तो उंदरांचा सापळा वाटला, एका बाईला कोंबड्यांचं खुराडं. बसमध्ये माझ्या शेजारी बसलेल्या आजोबांनी जाळी मांडीवर घेऊन उलटीपालटी केली, तिचे पाय उघडले आणि मिटले.

“काय भाजायचं हिच्यावर?”

“रोडगे.”

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. “मग गवऱ्या महाग झाल्या का पुण्यात?”

पिंगळी गाव मागे पडलं आणि दोन्ही बाजूंना काळी जमीन पसरली. तूर डोक्याएवढी झाली होती, शेंगा भरल्या होत्या. वेचून झालेल्या पऱ्हाट्या कुठे कुठे उभ्या होत्या आणि त्यांच्या बोंडांना चुकून राहिलेला कापूस चिकटला होता. सकाळचं ऊन अजून कोवळं होतं. इतकं सुंदर रान असताना माणसं ताडपत्रीवरून का भांडतात, असा विचार मनात आला आणि मला पुन्हा नव्याने राग आला. आजोबांनी तोवर जाळीचा एक पाय उलट्या बाजूला वाकवला होता. तो शेवटपर्यंत सरळ झाला नाही.

ताडकळसला उतरले तर दोघंही भाऊ न्यायला आलेले. एक मोटारसायकल पानाच्या टपरीच्या उजवीकडे, दुसरी डावीकडे. दोघंही टपरीवाल्याकडे बघत होते.

“अक्का, माझ्या गाडीवर बस,” दत्ता म्हणाला.

“अक्का, मी आदुगर आलोय,” गजानन टपरीवाल्याला म्हणाला.

मी गजाननच्या मागे बसले आणि बॅग व जाळी दत्ताच्या गाडीवर दिली. सगळ्या वाटेत एक गाडी पुढे आणि एक मागे होती. गजाननने वेग वाढवला की दत्ताही वाढवायचा. माझा डोक्यावरचा पदर उडत होता, मणके खिळखिळे होत होते, आणि मागून माझ्या जाळीचा खडखडाट ऐकू येत होता.

एक घर, दोन दारं

घर एकच आहे, पण आता त्याला दारं दोन आहेत आणि मधल्या खोलीत आई. ती आपलं आपण गॅसवर शिजवून खाते. एकीकडे जेवली तर दुसरीकडचं तोंड फुगतं, म्हणून तिने हा मार्ग काढला. मी पोचल्यावर दत्ताच्या बायकोने, सुमनने, सुशीला केली. भिजवलेल्या मुरमुऱ्यांचा आमच्याकडचा हा नाश्ता मला पुण्यात कधी जमलेला नाही. मी ताट चाटूनपुसून बाहेर पडते तो गजाननची बायको रेखा तिच्या दारात उभी, हातात सुशीलेचं दुसरं ताट. तेही संपवलं. चहा दोन, सुपाऱ्या दोन. दुपारी भाकरी आणि वांग्याचं भरीतही दोन घरचं झालं, तेव्हा मी आईच्या खोलीत जाऊन आडवी झाले.

आई वाळली होती. हात हातात घेतला तर बांगड्या कोपरापर्यंत सरकल्या. मला रडू आलं आणि त्याचाही राग आला.

“खा की गं माय, दोघांकडचा एक-एक घास. काय बिघडतंय?”

“एक इस्तू करा म्हणावं, मी खाते.”

“आणि न्हाई केला तर? पुन्हा पडशील.”

“पडंन.” तिने पाय लांब केले. “दोन्ही पोटचेच हायत. मी कोण्या इस्तवावरचं आदी खाऊ, सांग की तू.”

मग मी तिला माझी युक्ती सांगितली. जाळीखाली माझी मी वेगळा विस्तव करते. तो दत्ताचा नाही आणि गजाननचाही नाही. त्याच्यावरचा रोडगा तू खा.

आई उठूनच बसली. “येडी का काय तू? लेक हायस. लेकीनं रोडग्याच्या दिवशी इस्तवाला हात लावायचा नसतो. ऐतं बसून खायाचं.”

हा नियम मी विसरले नव्हते. वर्षभर सासरी चूल फुंकणाऱ्या लेकीला त्या एका दिवशी कुणी लाकूडसुद्धा उचलू देत नाही. लेक माहेरच्या मारुतीपुढे स्वतः भाजून खायला लागली तर त्या घराला भाऊ नाहीत असं समजतात. माझ्या लहानपणी आत्याने नुसती एक गोवरी सारली होती, तर वडील त्यांना ओरडले होते. नियम चांगलाच आहे. पण ज्यांनी तो पाळून मला बसवायचं, ते दोघं भिंतीच्या दोन बाजूंना फुगून बसले होते.

“मग तूच सांग काय करू,” मी म्हटलं.

आई भिंतीकडे तोंड करून झोपली.

ताडकळसचा बाजार

जाळीला कोळसा लागतो. कोळसा मिळवणं ऑस्ट्रेलियात सोपं आहे, दुकानात जाऊन पिशवी उचलायची. ताडकळसच्या बाजारात वांगी होती, मेथी होती, दोऱ्या, कुऱ्हाडी, चपला, गुळाच्या ढेपा, सगळं होतं, कोळसा तेवढा नव्हता. अखेर एक इस्त्रीवाला सापडला. त्याच्याकडचा पिशवीभर कोळसा त्याने दिला, पण फार नाखुशीने.

“रोडग्याला कोळसा?” तो म्हणाला. “बाई, हे माझं कपड्याचं हाय. चव येईल का?”

मी म्हटलं, चवीचं माझ्यावर सोडा. बेकिंग पावडर मी पुण्याहूनच आणली होती. त्या शेजारच्या बाई पाव चांदीच्या कागदात गुंडाळून भाजत होत्या. तो कागद मात्र पुण्याच्या स्वयंपाकघरात ओट्यावरच राहिला होता. बाजारात तो मागितला तर एका दुकानदाराने मला मिठाईवर लावायचा वर्ख दाखवला.

मारुतीपुढे

शनिवारी सकाळी शेतात गेलो. मारुती म्हणजे शेंदूर लावलेला एक दगड, कडुलिंबाच्या झाडाखाली. झाडाच्या एका अंगाला दत्ताने गोवऱ्या रचल्या होत्या, दुसऱ्या अंगाला गजाननने. दोन्ही विस्तव धगधगत होते. दोघी जावा पाठीला पाठ लावून कणीक मळत होत्या, दोघींची वांग्याची भाजी सारखीच शिजत होती आणि वासही सारखाच येत होता. मधे आई बसली होती, डोक्यावर पदर घेऊन, उन्हाकडे डोळे बारीक करून. तिच्या पोटात सकाळपासून काही नव्हतं.

मी पिशवीतून जाळी काढली आणि मारुतीसमोर मांडली. वाकडा पाय टेकेना, म्हणून त्याच्याखाली ढेकूळ ठेवलं. कोळसा पेटता पेटेना. रॉकेल नव्हतं, पऱ्हाट्या घातल्या, फुंकून फुंकून डोळ्यांतून पाणी आलं. विस्तव झाला तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी कणीक डॅम्परसारखी सैल भिजवली आहे. गोळे जाळीवर ठेवले तर ते हळूहळू सुस्तावले आणि गजांमधून खाली लोंबायला लागले. खालून जळायला लागले, वरून पांढरेच राहिले. लोंबलेला भाग चिमट्याने वर ओढला तर निम्मा गोळा चिमट्याला आला.

“अक्का, कणीक लय सैल झाली बगा,” सुमन लांबून म्हणाली.

“मला दिसतंय,” मी म्हटलं.

तेवढ्यात दत्ता आला. त्याचा चेहरा लाल झाला होता. “अक्का, हे काय करायलीस? उठ. गाव बघायलंय. दोन-दोन भाऊ असून लेक बाहेरच्यावाणी भाजून खायली, असं म्हणतेल.”

दुसऱ्या बाजूने गजानन आला. “अक्का, हे काय करायलीस? आमी मेलाव का? उठ की.”

आयुष्यात पहिल्यांदा मी भावांवर ओरडले. शेजारच्या शेतात तुरी बघत उभी असलेली माणसंही वळून बघायला लागली. “तुमी सांगायचं न्हाई मला उठ म्हणून! तुमाला ताडपत्री दिसती, माय दिसत न्हाई? दोन वर्षं झाली तिनं मारुतीपुढं घास खाल्ला न्हाई. मी कामून इतक्या लांबून आले? तुमच्या दोन-दोन ताटांच्या सुशीलेसाठी? मला बी लेक म्हणून बसून खायचंय. बसवा की मग! दोघांनी मिळून बसवा!”

हललं कुणी नाही. दत्ता गजाननच्या बुटांकडे बघत होता, गजानन दत्ताच्या. मला वाटलं, जाळी उचलावी आणि दोघांच्या टाळक्यात घालावी.

तेवढ्यात आई उठली. काठी टेकत, हळूहळू, माझ्याजवळ येऊन धुळीत बसली. ओंजळ पुढे केली.

“दे मला त्यातला.”

“माय, शिजलं न्हाई अजून.”

“दे म्हणते ना.”

मी तिच्या हातावर एक गोळा ठेवला. खालून कोळसा, वरून कच्चं पीठ. तिने मारुतीला दाखवला, फोडला, आतून दोरी निघावी तशी कणीक ताणली गेली. आणि तिने तो तुकडा तोंडात घातला. चावायला लागली. तिला दात किती राहिलेत हे आम्हा तिघांनाही माहीत आहे. चावत राहिली, डोळे मिटून, पण थुंकली नाही.

“माय, पोटात दुखंल,” दत्ता म्हणाला.

“दुखू दे.”

दत्ता वळला आणि पळतच त्याच्या विस्तवाकडे गेला. खोऱ्यात रसरशीत विस्तव भरून आणला आणि माझ्या कोळशांवर ओतला. जाळीच्या खालून धग वाढली. गजानन म्हणाला, “खालून नुसतं काय व्हतंय? वरून बी पाह्यजे,” आणि त्यानेही खोरं भरून आणलं. ते त्याने जाळीवरच रिकामं केलं. वाकड्या पायाखालचं ढेकूळ फुटलं, जाळी कलंडली आणि ऑस्ट्रेलियाची ती शेगडी विस्तवाच्या ढिगात चपटी झाली. माझे लोंबणारे गोळे, दत्ताचा विस्तव, गजाननचा विस्तव, सगळं एकाच ढिगात.

“आता?” मी म्हटलं.

“आता काय,” दत्ता म्हणाला. “सुमन, आपले रोडगे हिकडं आण.”

गजाननने रेखाला काही सांगितलंच नाही, ती तिचं ताट घेऊन आधीच आली होती. दोघी जावांनी आपापले गोळे त्या ढिगात पुरले. माझी जाळी आत तापून लाल झाली असणार. तिच्याबद्दल कुणी विचारलं नाही, मीही नाही. दोघं भाऊ ढिगाच्या दोन बाजूंना उकिडवे बसले आणि वाट बघायला लागले. दोघांचंही तोंड अजून फुगलेलंच होतं.

“काढ आता,” थोड्या वेळाने गजानन म्हणाला. विस्तवाकडे बघत म्हणाला, त्यामुळे तो कुणाशी बोलतोय हे विस्तवाला कळलं असेल तर असेल.

“न्हाई झाले अजून,” दत्ता म्हणाला.

“जळतेल.”

“जळत न्हाईत. मला काय आज कळायलंय का?”

“तुला गंजी झाकायचं तेवढं कळतंय.”

सुमनने रेखाकडे पाहिलं. दत्ता काही बोलणार, तेवढ्यात त्याची नजर आईकडे गेली. आई कच्च्या रोडग्याचा दुसरा तुकडा तोडत होती.

“माय, टाक ते,” तो म्हणाला आणि काडीने विस्तव उकरायला लागला. “गज्या, फडकं दे.”

गजाननने खांद्यावरचा रुमाल दिला.

रोडगे निघाले, राख झटकली. दोघांनी मिळून फोडले, एकाने तूप ओतलं, एकाने गूळ. चुकलं, असं कुणी म्हटलं नाही. ताडपत्रीचा निकाल लागला नाही, आणि लागेल असं मला वाटत नाही. मारुतीला पुन्हा नैवेद्य दाखवला आणि मला आईच्या शेजारी बसवलं. मी ऐती बसले. ज्या दोन माणसांवर एवढा संताप आला होता, त्यांनी वाढलेला रोडगा मी तुपात बुडवून खायला लागले.

आईही खात होती. कोमट तुपाचे ओघळ तिच्या मनगटावर आले तरी तिला भान नव्हतं. एक रोडगा संपला आणि ती म्हणाली, “आनिक एक द्या रे.”

दोघंही एकेक रोडगा उचलून एकदमच उठले.

“एकानं उठा की,” आई म्हणाली. “दोघं कामून उठलाव?”

पण बसलं कुणीच नाही, आणि आईने दोघांच्याही हातातला घेतला.